बॅटनबर्गचे माउंटबॅटन कसे झाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटिश राजघराण्यातील अँड्र्यू यांची ‘प्रिन्स’ ही पदवी काढून घेण्यात आली आणि यापुढे त्यांना अँड्र्यू माउंटबॅटन विंडसर या नावाने ओळखले जाईल, अशी बातमी आल्यावर आपल्या पुरवणीत या आडनावाची माहिती देणारी एक चौकट प्रसिद्ध झाली होती. माउंटबॅटन हे इंग्लंडमधील एका जुन्या सरदार घराण्याचे आडनाव आहे, असे तीत म्हटले आहे. ते बरोबर नाही. १९१७ सालच्या जुलै महिन्यापूर्वी माउंटबॅटन नावाचा एकही माणूस राजघराण्यात किंवा सरदारांत नव्हता. हे आडनाव जर्मन आहे, त्याचे मूळ रूप बॅटनबर्ग, आणि तेसुद्धा या घराण्याला १८५१ मध्ये मिळालेले. आपल्याकडे पंधरा ऑगस्ट जवळ आला की शेवटच्या व्हाइसरॉयचे नाव दरवर्षी छापले जाते, म्हणून ते नाव आले कुठून हे वाचकांना नीट कळावे असे मला फार वाटते. पत्र लांबले आहे. शक्य झाल्यास न कापता छापावे, ही विनंती.

गोष्ट सुरू होते सेंट पीटर्सबर्गमध्ये. जर्मनीतील हेसे या संस्थानाचा राजपुत्र अलेक्झांडर रशियन सैन्यात अधिकारी होता. त्याची बहीण रशियाच्या युवराजाला दिलेली. या बहिणीच्या सेवेत ज्युलिया हाउके नावाची एक तरुणी होती. तिचे वडील जर्मन वंशाचे, पोलिश सैन्यातले सेनापती. १८३० च्या वॉर्सातील उठावात ते झारच्या बाजूने राहिले आणि मारले गेले. अनाथ झालेल्या ज्युलियाचा सांभाळ झारच्या आश्रयाने झाला. अलेक्झांडर आणि ज्युलिया यांचे प्रेम जमले. राजपुत्राने अशा मुलीशी लग्न करणे झारला मान्य होणार नव्हते. दोघे रशियातून निघाले आणि १८५१ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ब्रेस्लाउ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ शहरात, लग्न केले. राजपुत्राला रशियन नोकरी सोडावी लागली.

आता प्रश्न आला होणाऱ्या मुलांच्या नावाचा. जर्मन राजघराण्यांचा नियम कडक होता. बरोबरीच्या कुळातली बायको नसेल तर तिला आणि मुलांना बापाचे कुलनाम व वारसाहक्क मिळत नसे. तेव्हा हेसेचे ग्रँड ड्यूक असलेल्या थोरल्या भावाने तोडगा काढला. उत्तर हेसेमध्ये एडर नदीकाठी बॅटनबर्ग नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या सरदारांचे जुने घराणे चौदाव्या शतकातच खुंटले होते. ते बिनवारशी नाव उचलून ज्युलियाला ‘काउंटेस ऑफ बॅटनबर्ग’ ही पदवी देण्यात आली. सात वर्षांनी, १८५८ मध्ये, ती ‘प्रिन्सेस’ झाली आणि मुले ‘प्रिन्स ऑफ बॅटनबर्ग’ म्हणवू लागली.

आमच्या कोकणात गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव होते, तेव्हा ते कुटुंब कधीकाळी त्या गावात नांदलेले असते. तिथे कुलदैवत असते, निदान पडक्या घराचा चौथरा तरी असतो. बॅटनबर्ग घराण्याचे तसे काहीच नाही. थोरला मुलगा लुई जन्मला ऑस्ट्रियातील ग्राझला, दुसरा अलेक्झांडर व्हेरोनाला, तिसरा हेन्री मिलानला आणि धाकटा फ्रान्सिस जोसेफ पाडुआला. कारण वडील तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते आणि उत्तर इटलीचा तो भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. पुढे कुटुंब डार्मश्टाटजवळ युगेनहाइम येथील हायलिगेनबर्ग या टेकडीवरच्या वाड्यात स्थिरावले.

माझी मुलगी नोकरीनिमित्त डार्मश्टाटला राहते, त्यामुळे हा वाडा मला पाहता आला. अलेक्झांडर आणि ज्युलिया यांच्या कबरी तिथेच आहेत. झार दुसरा अलेक्झांडर मेहुण्याकडे उन्हाळ्यात मुक्कामाला येत असे. एवढा मोठा पाहुणा जिथे उतरायचा ते ठिकाण आज अगदी शांत आहे, लोक फिरायला येतात आणि झाडांखाली बसतात. एडरकाठचे बॅटनबर्गही मी मुद्दाम जाऊन पाहिले. मारबुर्गपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने गेलो. जाणाऱ्यांनी एक सांभाळावे. दक्षिणेकडे पॅलाटिनेट भागात आणखी एक बॅटनबर्ग आहे, तिथे टेकडीवर किल्ल्याचे अवशेषही आहेत, आणि पुष्कळ लोक तेच माउंटबॅटनांचे मूळ गाव समजतात. ते नव्हे. एडर नदीवरचे खरे. याच नदीवर खाली मोठे धरण आहे, जे १९४३ च्या मे महिन्यात ब्रिटिश विमानांनी फोडले. त्या वेळी ब्रिटनच्या ‘कंबाइन्ड ऑपरेशन्स’चे, म्हणजे तिन्ही दलांच्या संयुक्त मोहिमांचे, प्रमुख होते लॉर्ड लुई माउंटबॅटन.

मला स्वतःला मात्र या लॉर्डपेक्षा त्यांच्या वडिलांविषयी जास्त आस्था आहे. त्याचे कारण सांगतो. मी भारतीय नौदलात सिग्नल शाखेत होतो. प्रशिक्षणाच्या काळात आमच्या शिक्षकांनी कपाटातून एक जुने पितळी उपकरण काढून दाखवले होते. गोल तबकडी, वर सरकणाऱ्या पट्ट्या. ताफ्यातले एक जहाज दुसऱ्या जहाजाच्या संदर्भात आपली जागा बदलताना कोणती दिशा आणि किती वेग धरावा, हे त्यावर कागद-पेन्सिल न घेता काढता येत असे. रडार येण्यापूर्वी हीच सोय. त्याचे नाव ‘बॅटनबर्ग कोर्स इंडिकेटर’. १८९२ मध्ये ते तयार करणारा अधिकारी म्हणजे ज्युलियाचा थोरला मुलगा लुई. शिक्षक म्हणाले, हे आपल्या माउंटबॅटन साहेबांचे वडील. वर्गात कोणाचा विश्वास बसेना. नावात साम्य कुठे आहे, असे आम्हाला वाटले. तिथून माझे हे वेड सुरू झाले.

लुई १८६८ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, ब्रिटिश नागरिकत्व घेऊन रॉयल नेव्हीत भरती झाला. हेसेमध्ये लग्न होऊन आलेली व्हिक्टोरिया राणीची मुलगी अ‍ॅलिस हिचे त्याला प्रोत्साहन होते. जर्मनीकडे तेव्हा नाव घेण्यासारखे आरमार नव्हते, समुद्राची ओढ असलेल्या मुलाने दुसरीकडे जायचे कुठे? त्याची बोलण्याची ढब अखेरपर्यंत थोडी जर्मन राहिली, आणि हेवा करणारे त्यावरून त्याला टोचत राहिले. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, ‘सेरापिस’ जहाजातून हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला आणि ८ नोव्हेंबरला मुंबईत उतरला. त्याच्याबरोबर हा एकवीस वर्षांचा लुई बॅटनबर्ग होता. दौऱ्यात त्याने काढलेली रेखाचित्रे लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापली गेली. याच मुक्कामात मुंबईच्या प्रिन्सेस डॉकची पायाभरणी झाली. म्हणजे हे घराणे मुंबईला प्रथम आले ते आपल्या जर्मन नावाने. माउंटबॅटन यांच्यावर मराठीत इतके लिहिले जाते, पण त्यांचे वडील आपल्या बंदरात येऊन गेले होते हे मी कुठे फारसे वाचलेले नाही.

लुईने १८८४ मध्ये हेसेच्या राजकन्येशी, व्हिक्टोरिया राणीच्या नातीशी, लग्न केले. बढत्या मिळत गेल्या आणि १९१२ च्या डिसेंबरमध्ये तो फर्स्ट सी लॉर्ड झाला, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या आरमाराचा मुख्य अधिकारी. पुढचे मी जरा सविस्तर लिहितो, कारण आडनाव बदलण्याचे मूळ इथे आहे.

१९१४ च्या जुलैमध्ये ब्रिटिश आरमाराची चाचणी जमवाजमव झाली होती. ती संपून जहाजे आणि राखीव खलाशी आपापल्या ठिकाणी परतण्याच्या बेतात होते. २६ जुलैचा रविवार. युरोपवर युद्धाचे सावट, आरमारमंत्री चर्चिल कुटुंबासह समुद्रकिनारी गेलेले. लुईने कार्यालयात बसून हुकूम काढला की ताफा पांगू द्यायचा नाही. चर्चिल यांनी त्याला मान्यता दिली. आठवडाभराने युद्ध पेटले तेव्हा ब्रिटनचा ताफा सज्ज होता. ज्याने तो सज्ज ठेवला त्याच्याविरुद्ध लंडनच्या काही वृत्तपत्रांनी ऑगस्टपासूनच कुजबुज चालवली. जर्मन माणूस आरमाराच्या डोक्यावर कसा? जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटिश जहाजे बुडवली की दोष याच्या रक्ताला. निनावी पत्रे येऊ लागली. २७ ऑक्टोबरला त्याचा पुतण्या प्रिन्स मॉरिस ऑफ बॅटनबर्ग बेल्जियममध्ये ईप्रच्या लढाईत ब्रिटनच्या बाजूने लढताना मारला गेला. २८ ऑक्टोबरला लुईने राजीनामा लिहून दिला. आपला जन्म आणि कुळ यांमुळे आपण पदावर राहणे सरकारला अडचणीचे होत आहे, अशा आशयाचा तो होता. शेहेचाळीस वर्षांची नोकरी.

मी गणवेश घातलेला माणूस आहे, म्हणून स्पष्ट लिहितो: हा अन्याय होता. त्याच्या कामात कोणी चूक दाखवली नव्हती. आडनाव सोडून दुसरा पुरावा नव्हता.

युद्ध लांबले तसा जर्मन नावांवरचा राग वाढत गेला. १३ जून १९१७ रोजी जर्मन विमानांनी भर दिवसा लंडनवर बाँब टाकले. १६२ माणसे मेली, त्यांत पॉप्लरच्या एका शाळेतली अठरा मुले होती. त्या विमानांचे नाव ‘गोथा’. आणि इंग्लंडच्या राजघराण्याचे नाव सॅक्स-कोबर्ग-गोथा! राजा पाचवा जॉर्ज याला निर्णय घेणे भाग पडले. १७ जुलै १९१७ च्या जाहीरनाम्याने राजघराणे ‘विंडसर’ झाले आणि नात्यातल्या सगळ्यांनी जर्मन पदव्या सोडायच्या असे ठरले. त्याच सुमारास प्रिन्स लुई ऑफ बॅटनबर्गने राजपुत्रपद सोडले आणि नावाचे भाषांतर केले. बर्ग म्हणजे डोंगर, इंग्रजीत ‘माउंट’. तो शब्द मागचा पुढे आणला. नोव्हेंबरमध्ये त्याला ‘मार्क्वेस ऑफ मिलफर्ड हेवन’ ही पदवी दिली गेली. त्याचा धाकटा मुलगा, जो २५ जून १९०० रोजी विंडसरला प्रिन्स लुई ऑफ बॅटनबर्ग म्हणून जन्मला होता, तो सतराव्या वर्षी लॉर्ड लुई माउंटबॅटन झाला. हाच पुढचा आपला व्हाइसरॉय.

मात्र सगळे बॅटनबर्ग काही माउंटबॅटन झाले नाहीत, आणि चौकटीत हा भाग अजिबात नव्हता. या घराण्याची पांगापांग पाहिली की युरोपचा नकाशा उघडून बसावे लागते. ज्युलियाचा दुसरा मुलगा अलेक्झांडर १८७९ मध्ये नव्या बल्गेरियाचा शासक राजपुत्र म्हणून निवडला गेला, १८८६ मध्ये लष्करी कटामुळे त्याला पद सोडावे लागले. सोफिया शहराच्या मध्यवर्ती चौकाला आजही त्याचे बॅटनबर्ग हेच नाव आहे. तिसऱ्या हेन्रीने व्हिक्टोरिया राणीच्या धाकट्या मुलीशी, बिअ‍ॅट्रिसशी, लग्न केले आणि १८९६ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या मोहिमेवर तापाने तो गेला. ईप्रला पडलेला मॉरिस त्याचाच मुलगा. हेन्रीची मुलगी व्हिक्टोरिया युजेनी १९०६ मध्ये स्पेनची राणी झाली. स्पेनमध्ये मुलाच्या नावात बापाच्या आडनावापुढे आईचेही आडनाव लावतात. त्यामुळे तिचा मुलगा, म्हणजे पुढे राजा झालेल्या हुआन कार्लोसचा बाप, हुआन दे बोर्बोन इ बॅटनबर्ग या नावाने १९९३ मध्ये मरेपर्यंत ओळखला गेला. इंग्लंडने टाकलेले नाव स्पेनने जपले. ज्युलियाची मुलगी मारी जर्मनीतच एर्बाख-श्योनबर्ग घराण्यात राहिली. तिला नाव बदलण्याचे कारणच पडले नाही.

आणि अ‍ॅलिस. लुईची थोरली मुलगी. ती १९०३ मध्येच ग्रीसच्या राजपुत्राशी लग्न करून गेली होती, म्हणून १९१७ च्या नामांतरात ती आलीच नाही. ती माउंटबॅटन कधी झालीच नाही. दुसऱ्या महायुद्धात तिने अथेन्समध्ये एका ज्यू कुटुंबाला आपल्या घरात लपवून वाचवले. तिचा मुलगा फिलिप. बापाकडून त्याचे कुळ श्लेस्विग-होलश्टाइन-सोंडरबुर्ग-ग्लुक्सबुर्ग, ते कागदावर लिहायलासुद्धा एक ओळ लागते. १९४७ च्या आरंभी ब्रिटिश नागरिक होताना त्याने आडनाव घेतले माउंटबॅटन. म्हणजे त्याच्या आईने आयुष्यात कधी न लावलेले आईच्या माहेरचे आडनाव! मार्चमध्ये ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रात त्याची नोंद छापून आली आणि त्याच महिन्यात त्याचा मामा व्हाइसरॉय म्हणून दिल्लीत उतरला. एलिझाबेथ राणीशी फिलिपचे लग्न झाल्यावर मुलांचे आडनाव कोणते यावर बरीच वर्षे रस्सीखेच चालली. १९५२ मध्ये विंडसरच राहील असे ठरले. ८ फेब्रुवारी १९६० रोजी राणीने जाहीर केले की राजपुत्र-राजकन्या या पदव्या नसलेले तिचे वंशज माउंटबॅटन-विंडसर हे आडनाव लावतील. पदवी गेल्यावर अँड्र्यू यांच्या नावाला हे आडनाव चिकटले ते या तरतुदीमुळे.

मुंबईचा धागा पुरा करतो. थोरला लुई ११ सप्टेंबर १९२१ रोजी लंडनमध्ये वारला. त्याने हायलिगेनबर्गचा वाडा आदल्याच वर्षी विकला होता. पुढच्या महिन्यात धाकटा लुई ‘रिनाउन’ जहाजावर प्रिन्स ऑफ वेल्सच्या लवाजम्यात चढला आणि १७ नोव्हेंबर १९२१ रोजी मुंबईला उतरला. बापाप्रमाणेच युवराजाबरोबर, बापाप्रमाणेच एकवीस वर्षांचा, पण नाव वेगळे. बापाच्या वेळी मुंबईने रोषणाई केली होती. मुलाच्या वेळी शहरात बहिष्कार, विलायती कापडाची होळी, आणि मग दंगल. गांधीजींना उपवास करावा लागला. पुढे १७ ऑगस्ट १९४७ रोजी देश सोडून जाणाऱ्या ब्रिटिश सैनिकांच्या पहिल्या तुकडीला निरोप द्यायला तो याच बंदरात उभा होता. १९५५ मध्ये तो स्वतः फर्स्ट सी लॉर्ड झाला. ज्या खुर्चीवरून बापाला उठवले होते, ती मिळवायचीच हा ध्यास त्याने चौदा वर्षांचा असल्यापासून धरला होता, असे त्याच्या चरित्रातून दिसते. मला ते पटते.

फाळणीच्या काळातील माउंटबॅटन यांच्या घाईबद्दल आपल्याकडे पुष्कळ कठोर लिहिले गेले आहे, त्यातले बरेचसे योग्यच आहे आणि मी त्याची सफाई देत नाही. पण ज्यांच्याविषयी आपण इतके लिहितो त्यांचे आडनावसुद्धा आपण इंग्रजांनी १९१७ मध्ये घातलेल्या झुलीसकट स्वीकारायचे, हे बरे नाही. जर्मन भाषा येणारी मुले आज पुण्या-मुंबईत हजारोंनी आहेत, फ्रँकफर्ट-डार्मश्टाट परिसरात मराठी मंडळी गणेशोत्सव करतात. त्यांतल्या कोणी युगेनहाइमला जाऊन सविस्तर लिहिले आणि आपण ते छापले, तर माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या पत्रापेक्षा वाचकांना त्याचा उपयोग जास्त होईल.

तूर्त चौकटीची दुरुस्ती तेवढी छापावी. पुढच्या पंधरा ऑगस्टला परिचय देताना जन्मनाव ‘प्रिन्स लुई ऑफ बॅटनबर्ग’ असे द्यावे, मूळ प्रांत हेसे, जर्मनी, असे लिहावे, आणि जागा उरली तर १८७५ साली मुंबईला येऊन गेलेल्या वडिलांचा एका ओळीत उल्लेख करावा.

कळावे,
आपला नियमित वाचक,
भारतीय नौदलातून निवृत्त,
दापोली, जि. रत्नागिरी